चौदा वाचक आणि एक शिडी

१

जगातली सगळी मोठी राज्ये शत्रूच्या तलवारीने नव्हे, तर घरच्या माणसाने केलेल्या विश्वासघाताने बुडाली, असे मामांचे ठाम मत होते. हे मत त्यांनी हात उंचावून मांडले तेव्हा त्यांच्या अंगात नुसते बनियन होते, आणि त्याच हातातले अर्धे बिस्कीट चहात पडून बुडाले. राज्ये बाजूला ठेवून मामा चमच्याने बिस्कीट शोधू लागले. ते सापडले नाही. निवृत्तीनंतरचा हा त्यांचा पहिला तपास.

मामा म्हणजे माईंचे धाकटे भाऊ. विमा कंपनीत ते नुकसानीचे दावे तपासत. जळालेल्या गोदामाच्या राखेत उभे राहून "आत माल होता कशावरून?" असे विचारण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. नोकरीभर त्यांनी कोणावरही विश्वास ठेवला नाही, आणि या सेवेबद्दल कंपनीने त्यांना निरोपाला भिंतीवरचे घड्याळ दिले. ते बरोबर वेळ दाखवते यावरही त्यांचा विश्वास नव्हता. बहिणीकडे ते चार दिवसांसाठी म्हणून आले होते. ते चार दिवस अजून चालू होते.

विश्वासघाताचा विषय निघाला तो सकाळी आलेल्या फोनमुळे.

माईंचे यजमान अण्णा शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पानात 'शब्दशिडी' नावाचे कोडे चालवतात. दोन शब्द द्यायचे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचे, एका वेळी एकच अक्षर बदलायचे, आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द उभा पाहिजे. सर्वांत कमी पायऱ्यांत जो पोचेल त्याचे नाव छापून येते. बक्षीस नाही. नावही खरे नाही, टोपणनाव. हा सदराचा पहिल्यापासूनचा रिवाज. उत्तराची चिठ्ठी दैनिकाच्या दारातल्या पेटीत टाकायची, आणि खाली कोडेकारांना उद्देशून दोन ओळी लिहायच्या. शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या अण्णांकडे येत. रात्रीची जेवणे झाली की अण्णा त्या मोठ्याने वाचून दाखवत. तेवढा वेळ अण्णा पुन्हा वर्गात असल्यासारखे ताठ बसत. रविवारपासून शुक्रवारपर्यंतचे अण्णा हे त्या शनिवारची वाट पाहणारे अण्णा होते.

फोन संपादकांचा होता. या आठवड्याचे कोडे होते 'धरण' ते 'जळण'. पेटीत पंधरा चिठ्ठ्या निघाल्या. पैकी चौदांत एकच उत्तर: धरण, तरण, तळण, जळण.

अण्णा म्हणाले की उत्तर बरोबर आहे, यात बिघडले काय?

संपादकांनी सांगितले ते असे. 'मरण' आणि 'मळण' अशी दुसरी वाटही तितकीच जवळची आहे. एरवी निम्मे लोक इकडून जातात, निम्मे तिकडून. चौदाच्या चौदा माणसे 'तळण'मध्येच कशी पडली? आणि नेमके हेच उत्तर अण्णा कोड्याबरोबर पाठवतात त्या बंद लिफाफ्यात कसे?

"उत्तर फुटतंय, अण्णा. तुमच्या घरातून," संपादक म्हणाले. "आणि त्या पंधराव्याचा, त्या 'नवखा'चा तरी विचार करा. बिचारा दर आठवडी मान मोडून बसतो, रात्र रात्र झोपत नाही, आणि नाव छापून येतं या चोरांचं."

पुढच्या गुरुवारी पेटी उघडल्यावर पुन्हा हाच प्रकार दिसला तर सदर बंद. त्या जागेसाठी एक गादीवाला केव्हाचा जाहिरात घेऊन बसला आहे.

अण्णांनी फोन ठेवला आणि भूमितीची पेटी उघडून उगाच कर्कटक पुसत बसले. माई डोळ्यांवरचा काळा चष्मा सावरत स्वयंपाकघरात गेल्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता.

मामांनी बनियनवर शर्ट चढवला. वरचे बटणसुद्धा लावले.

२

घरात एक यंत्र होते, आणि मामांचा पहिला संशय त्याच्यावर.

सून संगणकावर काम करणारी. अण्णांचे कोडे सुटते की नाही, आणि किती पायऱ्यांत सुटते, हे तपासायला तिने एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. त्याचे नाव 'शिडी', आणि घरात सगळे तिला 'ती' म्हणत. बैठकीच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ती राहायची.

मामांनी तिला पाहायला मागितले. सुनेने एक काळी खिडकी उघडली. काळ्यावर पांढरी अक्षरे, ती दुकानाच्या पाटीएवढी मोठी. चित्र नाही, बटण नाही, काही नाही.

"बाकीची कुठाय?" मामांनी विचारले.

"एवढीच आहे, मामा. तिला असं विचारायचं."

तिने लिहिले: शिडी धरण जळण. खाली ताबडतोब उतरले: धरण, तरण, तळण, जळण.

मामांनी तिच्या पोटात काय आहे ते विचारले, आणि सुनेने त्यांना समजेल असे सांगितले. दोन अनोळखी माणसे भेटली की नाते कसे काढतात? आधी तुमचे सख्खे कोण, मग त्या सख्ख्यांचे सख्खे, मग त्यांचे. कुठेतरी एखादी चुलत आत्या दोघांची निघतेच. ही तेच करते. ज्या शब्दांत एका अक्षराचा फरक ते सख्खे. जवळच्यांपासून सुरुवात केल्यामुळे तिला सापडलेले नाते हे नेहमी सर्वांत जवळचे असते.

"आणि दोन नाती सारखीच जवळची निघाली तर?"

"यादीत जो शब्द आधी, त्याची वाट ती धरते."

ही यादी अण्णांनी तोंडी सांगितली होती आणि माईंनी टाइप केली होती. अण्णांना शब्द सुचेनासे झाले की माई आठवण करून द्यायच्या, आणि त्यांनी आठवायला सुरुवात स्वयंपाकघरापासून केली. मग बैठक, मग गल्ली, आणि जग सर्वांत शेवटी. त्यामुळे 'तळण' वरच होते. 'मरण' फार खाली होते. माई त्याच्यापर्यंत पोचल्या तेव्हा रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती.

म्हणजे चौदा माणसांनी 'तळण' निवडले ते आवडीने नाही. एकतर त्यांनी लिफाफा फोडला होता, नाहीतर या यंत्राला विचारले होते. आणि हे यंत्र या एका घरापलीकडे कुठेही नव्हते.

"अक्षरं एवढी मोठी कशाला?" मामांनी जाता जाता विचारले. "भाऊजींना तर चष्म्याशिवाय समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजता येतात."

सून म्हणाली की मोठी अक्षरे दिसायला बरी दिसतात. आणि ती अचानक संगणकावरची धूळ पुसू लागली. धूळ नव्हती.

३

मामांनी जबान्या घेतल्या. 'जबान्या' हा शब्द त्यांचाच. घरच्यांच्या मते ते नुसते कामात लुडबुड करत होते.

सुनेने सांगितले की लिफाफा दर शनिवारी रात्री तीच कचेरीत नेऊन देते. तो फोडायची तिला गरजच नाही. उत्तर हवे असेल तर प्रोग्रॅम तिचाच आहे. हे तिने इतक्या सरळपणे सांगितले की मामांनी तिच्या नावापुढे दोन फुल्या मारल्या. सरळ बोलणारी माणसे त्यांना गोदामांच्या दिवसांपासून खुपत.

दुसरा संशयित घड्याळजी. घराची रस्त्याकडची खोली त्याने दुकानासाठी घेतलेली. दुपारी गिऱ्हाईक नसले की तो आत येऊन अण्णांशी शब्दांवरून भांडत बसे. अमुक शब्द आहे कशावरून, तो कोण बोलतो, मी तर कधी ऐकला नाही. 'शिडी'वर त्याचा राग होता, कारण ती भांडत नसे. त्याने मामांना सांगितले की चोरी-लबाडीशी आपला संबंध नाही, पण दिवसभर डोळ्याला भिंग लावून दारात बसल्यामुळे आपल्याला दिसते पुष्कळ.

"काय दिसतं?"

"तुम्ही पानाच्या टपरीवर जाता ते दिसतं."

मामांनी घाईने विषय बदलला आणि माई कुठे जातात ते विचारले. घड्याळजी म्हणाला की दर बुधवारी पिशवी घेऊन बाजारात जातात. फक्त दाराबाहेर पडून डावीकडे वळतात.

"मग?"

"बाजार उजवीकडे आहे."

मामांनी हे ऐकले, आणि आपली बहीण लहानपणापासूनच दिशांना कच्ची आहे एवढे म्हणून सोडून दिले. मोठ्या तपास करणाऱ्यांना प्रत्येक खटल्यात एकदा तरी आंधळे व्हावे लागते.

राहिले अण्णा. त्यांच्या जबानीत मामांनी जुन्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. वाचक म्हणजे एकेक नग होते. 'निवृत्त खलाशी' प्रत्येक कोडे वाऱ्यावर ढकलायचा. 'शेजारचा पोपट' फार लाघवी. 'चिडकी' नावाची एक बाई दर आठवड्याला अण्णांना फैलावर घ्यायची. तिची एक चिठ्ठी मामांनी दोनदा वाचली: "कोडेकारांनी कोडे काढताना डावा पाय हलवत बसू नये. टेबल हलते आणि शेजारी बसलेल्यांचा चहा सांडतो." खाली त्याच्या पुढच्या रविवारचे कात्रण होते: "चिडकी यांस: सूचना पोचली. पाय थांबवला आहे. कोडेकार."

"तीक्ष्ण बाई आहे," अण्णा म्हणाले आणि कर्कटक पुसू लागले. टेबलाखाली त्यांचा डावा पाय अगदी स्थिर होता.

गच्चीवर फेऱ्या मारताना मामांना एका गोष्टीने पछाडले. चोर चोरी करतो ती आपल्या फायद्यासाठी. जिंकायचे असते तर एक चिठ्ठी पुरली असती. चौदा चिठ्ठ्या टाकून स्वतःचे पितळ उघडे पाडणारा हा कसला चोर? याला जिंकायचे नव्हते. याला फक्त पेटी भरलेली दिसायला हवी होती.

पेटी भरल्याने या जगात एकाच माणसाचा फायदा होत होता. आणि तो खाली बसून कर्कटक पुसत होता.

४

बहिणीच्या नवऱ्याला चोर ठरवायचे म्हणजे चार दिवसांचा मुक्काम चारच दिवसांत संपण्याचा संभव. म्हणून मामांनी सापळा लावला.

शनिवारी त्यांनी अण्णांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. या वेळचे उत्तर यंत्राला न विचारता डोक्याने काढायचे, आणि लिफाफा मामांच्या हाती द्यायचा. अण्णांनी कोडे दिले: 'गरम' ते 'फलक'. उत्तर: गरम, नरम, नरक, फरक, फलक.

मामा पेन्सिल घेऊन बसले. दुपारी घर पेंगत असताना ते कोपऱ्यातल्या संगणकाशी गेले, सून शब्द घालते तशी यादीची फाईल उघडली, आणि एका बोटाने एक नवा शब्द घातला: 'फरम'. असा शब्द कोणत्याही कोशात नव्हता, कोणाच्या तोंडी नव्हता. मामांनी तो जन्माला घातला होता, आणि नोकरीत कधी न वाटलेला एक आनंद त्यांना झाला. 'फरम' असला की नरकात जावे लागत नाही. गरम, फरम, फरक, फलक. एक पायरी वाचते.

आता चिठ्ठ्यांत नरक निघाला तर उत्तर अण्णांच्या डोक्यातून किंवा लिफाफ्यातून गेले. फरम निघाला तर यंत्रातून.

रविवारी कोडे छापून आले. बुधवारी माई पिशवी घेऊन डावीकडे वळल्या. गुरुवारी मामा स्वतः दैनिकाच्या कचेरीत जाऊन पेटीसमोर उभे राहिले.

संपादक नाकासमोर बघणारे, टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी पेटी उघडली. पंधरा चिठ्ठ्या. अलीकडे सगळे वाचक जाड पेनने लिहू लागले आहेत, असे ते कुरकुरले.

चौदा चिठ्ठ्यांत फरम होता.

इतकेच नाही. खाली दोन ओळी लिहिण्याचा रिवाजही सगळ्यांनी पाळला होता. 'निवृत्त खलाशी' लिहितो: "फरम पाहून डोळे भरून आले. बोटीवर असताना आम्ही तो रोज ओढायचो." 'शेजारचा पोपट' म्हणतो की नरकातून न नेता फरमवरून नेल्याबद्दल कोडेकारांचे आभार. 'चिडकी'ने बजावले होते: "फरम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, पण सगळ्यांना ठाऊक नसेल. असले कठीण शब्द देऊ नयेत."

मामांनी जन्माला घातलेल्या शब्दाला पाच दिवसांत एवढा गोतावळा जमला होता.

पंधरावी चिठ्ठी 'नवखा'ची. गरम, नरम, नरक, फरक, फलक. खाडाखोड पुष्कळ, उत्तर अचूक.

"हा एकटा प्रामाणिक," संपादक म्हणाले. त्यांचा आवाज किंचित कापला. मामांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले आणि ते बाहेर पडले.

५

घरी आल्यावर मामा संगणकापुढे बसले आणि हिशेब मांडू लागले.

अण्णा नव्हेत. यादीतला प्रत्येक शब्द त्यांनी सांगितलेला; फरम दिसला असता तर त्यांनी तो छडी मारून बाहेर काढला असता. घड्याळजीही नव्हे. तो फरमवरून सबंध दुपार भांडला असता. सूनही नव्हे, कारण यंत्र एका प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देते हे तिच्याइतके कोणाला माहीत? तिला फसवायचे असते तर तिने चौदा वेगवेगळी उत्तरे काढली असती.

मग राहिले असे कोण, ज्याला यंत्र चालवता येते पण यंत्राचा स्वभाव माहीत नाही? जो नसलेला शब्दही मुकाट्याने पत्करतो?

विचार करताना मामांचे बोट कळफलकावर फिरत होते. ते वरच्या बाणावर पडले. काळ्या खिडकीत आपोआप उमटले: शिडी गरम फलक.

मामा दचकले. सून मागून जात होती. ती म्हणाली की त्यात भुताटकी नाही, वरचा बाण दाबला की आधी दिलेली आज्ञा परत दिसते. पुन्हा दाबला की तिच्या आधीची.

मामांनी पुन्हा दाबला. शिडी गरम फलक. पुन्हा दाबला. शिडी गरम फलक. ते मोजत मोजत दाबत राहिले आणि तेच येत राहिले. मग एकदाचे दुसरे काही आले, आणि मामांनी हात मागे घेतला.

कोणीतरी यंत्राला एकच प्रश्न चौदा वेळा विचारला होता.

चोर असे करत नाही. चोर एकदा विचारतो आणि तेरा वेळा उतरवून काढतो. चौदा वेळा तोच विचारतो, ज्याला वाटते की प्रत्येक वाचकाने आपले उत्तर आपण काढले पाहिजे. खलाशासाठी वेगळे, पोपटासाठी वेगळे, चिडकीसाठी वेगळे. एकाची नक्कल दुसऱ्याला देणे बरोबर नव्हे. सगळी लबाडी करून त्यातही इतके सरळ वागणारे माणूस मामांना उभ्या आयुष्यात एकच माहीत होते. लहानपणी तिने धाकट्या भावासाठी खाऊ चोरला होता, आणि तो वाटताना तुकडा मोजपट्टीने मोजून कापला होता.

मामांनी मोठ्या अक्षरांकडे पाहिले. काळा चष्मा, जाड पेन, दैनिकाच्या कचेरीकडे जाणारा डावीकडचा रस्ता. मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

६

माई शेंगा सोलत होत्या, चाचपून. मामा समोर बसले आणि त्यांनीही एक शेंग उचलली.

"ताई, फरम म्हणजे काय गं?"

माईंचे हात थांबले नाहीत. "मला काय माहीत. यांनी सांगितला असेल कधीतरी, मी टाइप केला असेल. यांना ठाऊक असतं." मग हात थांबले. "का रे? नाही का तसा शब्द?"

"मी घातला तो."

माईंनी हातातली शेंग परत टोपलीत टाकली. मग माई बोलल्या, आणि एकदा बोलू लागल्यावर त्यांनी सगळे सांगितले.

सदर सुरू झाले तेव्हा वाचक खरे होते. खलाशीही खरा, पोपटही खरा. मग एकेकाचे उत्तर यायचे थांबले. कोणी दुसरीकडे राहायला गेले असेल, कोणाला कंटाळा आला असेल, कोणी असेलच असेही नाही.

"खलाशाची चिठ्ठी आली नाही तेव्हा हे शनिवारी दोनदा पाकीट झटकून बघत होते," माई म्हणाल्या. "दुसऱ्या शनिवारी पण. तिसऱ्या आठवड्यात खलाशाला मी परत आणलं. बोटीवर गेला होता म्हणून लिहिलं."

तेव्हापासून एकाही वाचकाला माईंनी जाऊ दिले नव्हते. जो थांबे त्याची जागा त्या घेत, त्याचे अक्षरसुद्धा गिरवत. भाजी निवडताना त्या शिड्या सोडवायच्या, प्रत्येकाची त्याच्या स्वभावाप्रमाणे: पोपटाची गोड शब्दांतून, चिडकीची मरणातून. चिडकी मात्र पहिल्यापासून त्यांची स्वतःची. पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितले. पांढरी मोठी अक्षरे तेवढी दिसायची. म्हणून 'ती'ला विचारले, प्रत्येकासाठी एकदा. तिने सगळ्यांना एकच सांगितले. माईंना वाटले, बरोबर उत्तर एकच असेल.

"यांना सांगू नकोस," माई म्हणाल्या. "सदर बंद झालं तर होऊ दे. पण खलाशी खरा नाही हे कळायला नको."

मामांनी कबूल केले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुरावा मागितला नाही.

बाहेर गॅलरीत अण्णा उभे होते. मामांना त्यांनी खुणेने जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले की सापडली का ती.

"कोण?"

"तुमची बहीण," अण्णा म्हणाले. "खलाशी बोटीवरून परत आला तेव्हा त्याच्या चिठ्ठीला हळद लागली होती. मला तेव्हापासून ठाऊक आहे."

मामांनी मागे वळून स्वयंपाकघराचे दार लोटलेले आहे ना ते पाहिले.

"लग्नाला इतकी वर्षं झाली की समोरासमोर बोलायचं काही राहत नाही, साहेब. 'जेवायला वाढू का' आणि 'वाढ'. पण चौदा जणांशी बोलायला पुष्कळ असतं. पाय हलवू नका हे ती मला कधी तोंडावर म्हणाली नसती. आणि मी ऐकलंही नसतं." अण्णा खाली रस्त्याकडे बघत राहिले. "सदर गेलं तर कोड्याचं काही नाही. शनिवारचं काय करू? तिला मात्र सांगू नका हं मला ठाऊक आहे ते."

मामांनी हेही कबूल केले. आत येताना सुनेने त्यांना अडवले आणि म्हणाली की आजपासून 'शिडी'ला तिने एक नवी खोड लावली आहे. सारख्याच जवळच्या वाटा असतील तर ती दर वेळी वेगळी सांगेल. आणि फरम काढून टाकला आहे.

"तुला कधी कळलं?"

"वरचा बाण मीही दाबते, मामा."

म्हणजे घरात सगळ्यांना सगळे माहीत होते. तपास फक्त मामांनी केला होता.

७

दुसऱ्या दिवशी मामा संपादकांसमोर बसले. इतका पोखरलेला अहवाल त्यांनी कधी दिला नव्हता. लिफाफा फुटलेला नाही, हे खरे. यंत्रात एक खोटा शब्द शिरला होता, तो काढला आहे, हेही खरे. काही वाचक असल्या यंत्राची मदत घेतात, त्याला इलाज नाही. पण फरम हा शब्द नसल्यामुळे चौदाही उत्तरे बाद. या आठवड्याचे बरोबर उत्तर एकच.

संपादकांचे कान लाल झाले.

"एक विचारू?" मामा म्हणाले. "चिठ्ठीवर नाव नाही, पत्ता नाही. मग नवखा रात्र रात्र झोपत नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

संपादकांनी उठून खोलीचे दार लावले. परत येऊन बसले तेव्हा ते नाकासमोर बघत नव्हते. किती वर्षे झाली, ते म्हणाले, आपल्याच पेटीत चोरून चिठ्ठी टाकतो. घरी बायकोला सांगतो की अग्रलेख लिहितोय. एकदाही नाव आले नाही. दर वेळी ते चौदा जण एक पायरी पुढे. त्यांनी यंत्र वापरले म्हटल्यावर राग येणार नाही का?

मामा म्हणाले की राग साहजिक आहे. पण सदर बंद केले तर नवखाही बंद. आणि ज्या रविवारी तो पहिल्यांदा जिंकतो आहे त्याच रविवारी तिथे गादी छापायची?

संपादक बराच वेळ टेबलावरची टाचणी सरळ करत राहिले. मग म्हणाले की गादीवाल्याला मागच्या पानावर सरकवता येईल. फक्त हे बाहेर जाऊ नये.

मामांनी तिसऱ्यांदा कबूल केले. जन्मभर कोणावर विश्वास न ठेवलेल्या माणसावर एका आठवड्यात तिघांनी विश्वास टाकला होता, आणि त्याला शर्टाचे वरचे बटण घट्ट होऊ लागले होते.

शनिवारी चिठ्ठ्या आल्या. अण्णांनी जेवणानंतर त्या वाचल्या. खलाशाच्या फरमवर ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावे लागले. माई काळ्या चष्म्याआड शांत बसून होत्या, आणि खलाशाला पुढच्या आठवड्यात काय बोलायला लावायचे ते बहुधा ठरवत होत्या. मग अण्णांनी कागद ओढून रविवारसाठी मजकूर लिहिला. "चिडकी यांस: तुमचे खरे आहे. तो शब्द कोणालाच ठाऊक नव्हता. डोळ्यांना जपा." त्यांनी हे वाचून दाखवले नाही. तसाच कागद घडी करून लिफाफ्यात घातला.

लिफाफा चिकटवणार तोच फोन वाजला. संपादक होते. अण्णा गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिले. माईंनी चहाचा कप खाली ठेवला, सून दारात येऊन थांबली. सदराचे काय ठरले ते मामा घरात सांगून चुकले होते, तरी त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला.

अण्णांनी फोनवर हात ठेवला.

"विचारतायत," ते म्हणाले, "की 'नवखा' एवढं नाव जरा ठळक अक्षरांत घ्या, असं मी माझ्या हातानं लिहून देईन का."